बंद पडलेल्या दुकानांचे रिव्ह्यू (गिरगाव, साधारण १९७६ ते १९९५)

आधीच सांगते, खाली ज्यांना स्टार दिलेत त्यातल्या एकाही दुकानात तुम्हाला आता जाता येणार नाही. एक सोडून, त्याचं शेवटी. तरी लिहितेय, कारण दिवाळीनंतर आम्ही जुने चाळकरी गिरगावात भेटलो, सहाजण, कोण बोरिवलीचं, कोण विरारचं, कोण पुण्याचं, मी डोंबिवलीची, आणि चार तास आम्ही पोराबाळांबद्दल नाही, गुडघ्यांबद्दल नाही, फक्त दुकानांबद्दल बोललो. आणि जो तो प्रत्येक दुकानाला पाचपैकी पाच देत सुटलेला. असा चहा परत मिळाला नाही, अशी लायब्ररी परत झाली नाही, तो वाणी म्हणजे देवमाणूस. मला ऐकवेना. अहो मीपण त्याच चाळीत चोवीस वर्षं काढलीत, तो चहा मीपण प्यायलेय. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात ते ठीक आहे, गेलेल्या दुकानाबद्दल असं काही माझ्या ऐकण्यात नाही.

जायची सोय आधी सांगते, रिव्ह्यूत ते लागतं. सीएसएमटीला लोकल सोडली आणि मेट्रो धरली, काळबादेवी आणि मग गिरगाव, दोनच स्टेशनं. ही लाइन ऑक्टोबर २०२५ मध्ये इथवर आली आणि तिच्यासाठी गिरगाव-काळबादेवीतल्या किती इमारती गेल्या ते तिथल्यांना विचारा. आमची चाळ मेट्रोत गेली नाही, ती त्याआधीच बिल्डरकडे गेली. तर सरकत्या जिन्याने वर आले आणि मला काही उमजेना कुठे आहे. दादाला फोन लावला. तो म्हणाला, समोर काय दिसतंय? मी म्हटलं एटीएम, मोबाइल कव्हरचं दुकान आणि एक मोठ्ठं होर्डिंग. तो म्हणाला, ते सोड, मॅजेस्टिकच्या बाजूला तोंड करून उभी राहा.

आता गंमत बघा. मॅजेस्टिक म्हणजे ते थिएटर जिथे देशातला पहिला बोलपट १४ मार्च १९३१ ला लागला. ते थिएटर मी आयुष्यात पाहिलेलं नाही, मला कळायला लागलं तेव्हा तिथे शॉपिंग सेंटर उभं होतं. दादाने तरी कधी पाहिलं असेल देव जाणे. पण आमच्या घरात रस्ता सांगायचा तर मॅजेस्टिकपासूनच. म्हणजे बंद दुकानांवरून पत्ता सांगायची सवय आम्हाला आईच्या दुधातूनच आलीय, मेट्रोवर कशाला राग काढू. आणि त्या दिवशीही तसंच झालं, मी त्या नसलेल्या थिएटरकडे तोंड केलं आणि डावीकडे वळून दोन मिनिटांत बरोबर आमच्या गल्लीच्या तोंडाशी.

कोपऱ्यावरचा इराणी. साडेतीन स्टार.

चहा दोन स्टार. खरं सांगते. गोडमिट्ट, वर साय, आणि कप धुतलेला असायचा असं म्हणायला मी धजावणार नाही. कडक पाहिजे तर "पानी कम" म्हणून ओरडायचं, तरी येणार तोच. ब्रून मस्का मात्र चार स्टार, फक्त तो सकाळी साडेआठच्या आत खायचा, नंतर त्या ब्रूनने दात पडेल अशी परिस्थिती. मस्का लावायची त्यांची पद्धत अशी की कडेपर्यंत कधीच पोचायचा नाही, मधे डोंगर आणि चहूबाजूंनी दुष्काळ.

सर्व्हिसबद्दल काय बोलायचं. वेटर तुमच्याकडे बघायचाच नाही. तुम्ही न मागता एका बशीत खारी, नानकटाई, मावा केक असं रचून आणून ठेवायचा आणि जायचा, मग तुम्ही खाल ते मोजून पैसे, उरलेलं त्याच बशीतून पुढच्या टेबलावर. या पद्धतीतली मेख आमच्या दादाला आठव्या वर्षीच कळली होती. तो मावा केकच्या तळाला बोट खुपसायचा, कागदाच्या आतून, वरून काही दिसायचं नाही, बोट चाटायचा आणि केक परत बशीत ठेवायचा. म्हणजे गिरगावातल्या अर्ध्या लोकांनी आमच्या दादाने बोट घातलेला केक खाल्लेला आहे, आणि त्यातलेच आज म्हणत असतील की तसा केक परत मिळाला नाही. बिल कागदावर नाहीच. तुम्ही उठलात की वेटर मागूनच गल्ल्याकडे आरोळी ठोकणार, "काला शर्ट, तीन रुपया!" आणि सगळं हॉटेल वळून काळ्या शर्टाकडे बघणार. बाबा म्हणायचे इथे उधारी का नाही ते कळलं ना, लाजेनेच माणूस पैसे देतो.

पण त्या खुर्च्या. काळ्या, वाकवलेल्या लाकडाच्या, बसायला वेताची जाळी, आणि संगमरवरी टेबलं, उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यावर गाल टेकून बसायचं, गार, कोणी उठवायचं नाही. एका चहावर दीड तास बसता येई. त्या दीड तासाचा एक स्टार. कोपऱ्याची जागा इतर दुकानदार अपशकुनी म्हणून घेत नसत म्हणून ती इराण्यांना मिळाली असं म्हणतात, आमच्या इराण्याला दोन्ही रस्त्यांनी वारा होता एवढं मी सांगू शकते. फ्रिजवर कोकाकोलाचा लाल पत्रा होता, कंपनी १९७७ साली देशातून गेली तेव्हा मी सहा वर्षांची, तो पत्रा माझ्या दहावीपर्यंत तिथेच. आत मात्र गोल्डस्पॉट आणि ड्यूक्सचा मँगोला. गोल्डस्पॉट प्यायलो की जीभ काढून एकमेकांना दाखवायची, जिची जास्त केशरी ती जिंकली. मग १९९३ मध्ये पार्ल्यांनी आपले ब्रँड कोकाकोलालाच विकले आणि गोल्डस्पॉट बाजारातून नाहीसा झाला, लाल पत्र्याने शेवटी सूड घेतला म्हणायचा.

इराण्याची मुलं शिकली, परदेशी गेली, म्हाताऱ्याने जागा दिली. आता तिथे औषधाचं दुकान आहे, एसी आहे, बसायला काही नाही. शहरात कयानीसारखे आहेत अजून एकदोन, १९०४ पासूनचे, पण तिथे लोक केक खाण्याआधी केकचा फोटो काढतात, दादाची डाळ तिथे शिजणार नाही.

लायब्ररी. दोन स्टार. इथे आमची खूप भांडणं झाली. ताई (खालच्या मजल्यावरची, मोठी, सगळ्यांचीच ताई) म्हणे लायब्ररी म्हणजे आपलं सगळं बालपण. बरोबर आहे, पण ती लायब्ररी म्हणजे जिन्याखालची जागा होती हो, आत एक माणूस उभा राहिला की दुसऱ्याने बाहेर थांबायचं. पुस्तकांना खाकी कव्हर, पाठीवर चिकटवलेला नंबर, नाव नाहीच, म्हणजे तुम्ही पुस्तक नाही, नंबर न्यायचा. "चारशे बारा आलंय का?" "चारशे बारा बाहेर आहे, चारशे तेरा न्या, तसंच आहे." तसंच कधीच नसायचं. रहस्यकथांची शेवटची पानं गायब. माझ्या माहितीत अशा निदान सहा कादंबऱ्या आहेत ज्यात खून कोणी केला ते मला आजतागायत माहीत नाही. आणि मासिकातल्या पाककृती ब्लेडने कापलेल्या, ते कोणाचं काम ते मला माहितेय, ती बाई आमच्याच मजल्यावर राहायची आणि तिच्याकडची वडी उत्तम व्हायची, म्हणून गप्प बसलो.

दिवाळी अंकांचा सीझन मात्र बघण्यासारखा. वेगळी वर्गणी, वेगळं रजिस्टर, आणि अंक दोन दिवसांत परत, नाहीतर दंड. आमच्या घरात एक अंक आला की आई स्वयंपाक करताना, बाबा जेवताना, दादा पलंगाखाली, असा तो शिफ्टमध्ये वाचला जायचा, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत जाताना परत, वरणाच्या डागासकट. डागाचा दंड वेगळा. आम्ही सोडून गेलो तेव्हा डिपॉझिट परत मागितलं, काका म्हणाले उद्या या. तो उद्या काही उजाडला नाही. एक स्टार त्याचाच कापला.

छापखाना. चार स्टार.

हे दुकान बाकीच्यांना आठवतच नव्हतं आणि मला सगळ्यात जास्त हेच आठवतं. गिरगावात छापखाने पूर्वीपासूनच, जावजी दादाजींचं निर्णयसागर याच भागातलं, आमचा म्हणजे त्या मानाने पोरकट, तळमजल्यावर दोन ट्रेडल मशिनं आणि भिंतीला टेकवलेल्या लाकडी केस, लहान लहान खणांच्या, प्रत्येक खणात एकेक अक्षर. खिळे जुळवणारे आजोबा बसायचे दाराजवळ, उजेडाला. डाव्या हातात ती पट्टी, उजवा हात आपोआप खणांत जायचा, बघत कुठे होते तर रस्त्याकडे. बोलणं चालू, हात चालू. अक्षरं उलटी, ओळ उलटी, आणि ते ती आपण पाटी वाचतो तशी वाचायचे. मी दुसरीत असताना मला वाटायचं मोठं झाल्यावर सगळ्यांनाच उलटं वाचता येतं. तुटका खिळा मिळाला की ते मला द्यायचे, माझ्याकडे एक वेलांटी होती आणि एक अर्धा श, कंपासपेटीत ठेवलेला. आई ओरडायची शिसं आहे ते, हात धू.

दिवसभर ट्रेडलचा आवाज, खटक-धप्प, खटक-धप्प, वरच्या खोलीत पाण्याचे हंडे बारीक थरथरायचे. लग्नसराईत रात्री अकरापर्यंत. चाळीत कोणी तक्रार केली नाही कारण चाळीतल्या प्रत्येकाच्या पत्रिका तिथेच आणि थोड्या स्वस्तात. आता एक स्टार का कापला ते सांगते. आमच्या दादाच्या मुंजीची पत्रिका. मौंजीबंधनातला अनुस्वार पडला. दोनशे पत्रिका "मौजीबंधन" म्हणून छापून आल्या, मुहूर्त आठ दिवसांवर, परत छापायला वेळ नाही. बाबांनी एक बोरू घेतला आणि दोन रात्री बसून दोनशे टिंबं दिली. आजोबांना सांगितलं तेव्हा त्यांनी पत्रिका हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, आणि म्हणाले, "मुलाची मौज आहे, बापाचं बंधन आहे, चूक काय?" पैसे पूर्ण घेतले.

मग कॉम्प्युटरवर अक्षरं जुळवायचं डीटीपी आलं, ऑफसेट आलं, नव्वदच्या पुढेमागे ते खिळे म्हणे किलोवर वितळवायला गेले. आमचं घर थरथरायचं थांबलं, आणि आईला पहिले काही दिवस झोप लागेना.

बाकी काही पटापट.

दूध केंद्र. एक स्टार, तोही बाटलीचा. पहाटे पाचला कार्ड घेऊन रांग, रांगेत माणसं कमी आणि पिशव्या, विटा, चपला जास्त, एकदा आमची वीट कोणीतरी मागे सरकवली त्यावरून दोन खोल्यांचं बोलणं वर्षभर बंद. आरेची काचेची बाटली, चंदेरी कागदाचं बूच, ते धुऊन इस्त्रीसारखं नखाने सपाट करून आम्ही गणपतीच्या मखराला लावायचो. लोक आता त्या बाटलीसाठी हळवे होतात. रांगेत उभं राहणाऱ्या मुलीला विचारा.

एसटीडी पीसीओ. दोन स्टार. हा उशिरा आला आणि लवकर गेला. त्याआधी आमचा नंबर म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या डॉक्टरांचा, पत्रिकेवर पुढे "पी.पी.", म्हणजे फोन शेजाऱ्यांचा, असं लिहायचं की आपलं काम झालं, डॉक्टरांच्या बायकोचं वाढलं. मग पिवळ्या बोर्डाची काचेची खोली आली. रात्री अकरानंतर पाव दर, म्हणून अकराला पाच मिनिटं कमी असताना सगळी गल्ली तिथे, नाइटगाऊनमध्ये, आणि आत बोलणाऱ्याचं सगळं बाहेर ऐकू येतंय. ताईचं लग्न जुळलं ते तिच्या घरच्यांच्या आधी पीसीओच्या रांगेला कळलं होतं. मीटरवर बिलाचे ते लाल आकडे पळायचे तसं छातीत धडधडायचं, माझी मावशी नागपूरची, आम्ही बोलायचो कमी आणि आकड्यांकडे बघायचो जास्त. "कशी आहेस, बरी आहे, ठेवते."

कॅसेटवाला. साडेचार. याला जरा वेळ देते. कोरी कॅसेट घ्यायची, साठ मिनिटांची नाहीतर नव्वदची, आणि वहीच्या कागदावर गाण्यांची यादी द्यायची, तो आठवड्याने भरून देणार. हे बेकायदेशीर होतं हे आम्हाला फार नंतर कळलं. यादी करणं म्हणजे काय काम होतं, बारा गाणी मावतात की तेरा, कुठलं पहिलं, बाजू संपताना मधेच तुटायला नको. मी दोन महिने एक यादी खिशात घेऊन फिरत होते. तर या माणसाची खोड अशी की बाजूच्या शेवटी दोनतीन मिनिटं उरली की तो तिथे आपल्या आवडीचं काहीतरी टाकायचा. न विचारता. तुमची सगळी सिनेमातली गाणी आणि शेवटी एकदम नाट्यसंगीत. पहिल्यांदा मी भांडायला गेले. तो म्हणाला, "टेप रिकामी सोडू नये ताई, बुरशी धरते." त्याच्या या बुरशीच्या थापेपायी मला नाट्यसंगीत ऐकायची सवय लागली, आजही आहे. आता ॲपवर काहीही लावा, संपलं की ते पुढचं आपोआप लावतं, पण ते मी ऐकलेल्यासारखंच लावतं. अर्धा स्टार कापला तो फक्त माझी एक यादी त्याने दुसऱ्याच मुलाला वाचून दाखवली म्हणून. तो मुलगा परवाच्या सहाजणांत होता. त्याला आठवत नाही म्हणतो.

खोताच्या वाडीतल्या अनंताश्रम खाणावळीला स्टार द्यायचा मला अधिकार नाही, आम्ही घरात शाकाहारी. बाबांना शनिवारी ऑफिसातून यायला उशीर व्हायचा आणि आल्या आल्या ते दात घासायचे, इतकंच मला माहीत. आई म्हणायची किती स्वच्छतेची आवड. ते बंद झालं तेव्हा बाबांनी पेपरमधली बातमी दोनदा वाचली आणि घडी करून कपाटात ठेवली, आई तेव्हाही काही बोलली नाही. तिला सगळं माहीत असणार.

वाणी. याला किती द्यायचे ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुकान म्हणजे एक फळी, फळीच्या मागे वाणी, वाणीच्या मागे अंधार. वर छताला दोऱ्याचं रीळ टांगलेलं, कागदाची पुडी वळायची, रिळाचा दोरा खाली ओढायचा, दोन वेढे, एक गाठ, झटका देऊन तोडायचा, हे सगळं एका श्वासात, डाव्या हाताने. ती पुडी घरी येईपर्यंत सुटायची नाही आणि घरी आल्यावर सुटता सुटायची नाही. त्या दोऱ्याचा आईने केलेला गुंडा अजून माझ्याकडे आहे, पडवळाएवढ्या लांबीचा. मापात मात्र हात मारायचा. तराजूचं पारडं खाली टेकायच्या आत उचलायचा, साखरेला पंचवीसतीस ग्रॅम तरी जायची, आई घरी परत मोजायची आणि नुसती मान हलवायची. देवमाणूस वगैरे नव्हता तो.

आणि खातं. लाल कापडाची लांब वही. महिनाभर लिहायचं, सात तारखेला बाबांचा पगार की चुकतं करायचं. रोखीचा भाव वेगळा आणि खात्यावरचा वेगळा हे सगळ्यांना ठाऊक होतं, बोलायचं कोणी नाही.

समोरच्या खोलीतले काका परळच्या एका मिलमध्ये टाइमकीपर. १८ जानेवारी १९८२ ला डॉक्टर दत्ता सामंतांचा गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप कागदोपत्री कधी मागे घेतलाच गेला नाही. आम्ही लालबाग-परळचे नव्हतो, तिथे तर घरंच्या घरं बसली, पण गिरगावातही अशा खोल्या होत्या. काकांचं घर पाच माणसांचं. पहिले दोन महिने पीएफवर, कशाकशावर गेले. मग काकू वाण्याकडे जायच्या बंद झाल्या. लाजेने. त्यांच्या मुलाला, म्हणजे आता ज्याच्या घरी आम्ही भेटलो त्याला, वाण्याने रस्त्यात हाक मारली आणि विचारलं, "आई का येत नाही? दुसऱ्याकडून घेते काय?" रागावून. तो रडकुंडीला आला, म्हणाला पैसे नाहीत. वाणी म्हणाला, "मग मी मागितले का? यादी आण."

दीड वर्ष त्या घरात तांदूळ, डाळ, तेल त्या लाल वहीवर आलं. आता हे ऐकून परवा सगळ्यांचे डोळे पाणावले, पाच स्टार, पाच स्टार. आणि ज्याच्या घरी आलं तोच म्हणाला, थांबा. खात्याचा भाव आम्हाला पण तोच लावायचा हं, चढा. माप पण तेच. आणि काकांना पुढे एका सोसायटीत वॉचमनची नोकरी लागली त्यानंतर सात वर्षं ते फेडत होते, एक रुपया सोडला नाही त्याने. मग तो थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, पण आईला कधी "बाकी किती झाली" असं चारचौघांत बोलला नाही. तिची पुडी आधी बांधायचा, बाकीच्यांना थांबवून, म्हणजे तिला उभं राहायला लागू नये.

तीन. चार. मला नाही येत सांगता.

हे सगळं बोलून झाल्यावर मी मुद्दाम एक प्रश्न टाकला, खोडसाळपणाच म्हणा. म्हटलं, वाण्याने दुकान बंद केलं त्याच्या आधी तू शेवटचा कधी गेला होतास? तो गप्प. मग म्हणाला, मला वाटतं सत्त्याण्णव. दुकान बंद झालं २००९ ला. तो तर गिरगाव सोडूनही गेला नव्हता तेव्हा, नाक्यावर सुपरमार्केट आलं, तिथे घ्यायला लागला, वस्तूवर छापलेलीच किंमत, माप पाकिटात बंद. मी ताईला विचारलं, लायब्ररी? ती म्हणाली केबल लागली तेव्हाच सुटली. इराणी? दादा म्हणाला, उडपी आला ना समोर, डोसा मिळायचा. मी स्वतः कॅसेटवाल्याकडे १९९६ नंतर गेलेले नाही, सीडी घेतली होती नवऱ्याने. पीसीओवाला तर आमच्या डोळ्यांदेखत मोबाइल रिचार्ज विकायला लागला, मग तेही बंद झालं, आम्हाला पत्ता नाही. बिल्डर, मेट्रो, पागडी, मालकाची पोरं, सगळी कारणं खरी आहेत, मी नाही म्हणत नाही. चाळीस रुपये भाड्यात मालक तरी काय डागडुजी करणार होता, म्हणून चाळ पडायला आली आणि खालची दुकानं तिच्याबरोबर गेली. पण गिऱ्हाईक त्याच्या पुष्कळ आधी उठून गेलेलं होतं. आरोळी ठोकणारं कोणी नव्हतं म्हणून कोणाचं लक्ष गेलं नाही इतकंच.

यावर सगळे माझ्यावर चिडले. वहिनी म्हणाल्या, तुला मेलीला बरं काही बघवतच नाही. मग कोणीतरी चहा मागवला, ॲपवरून, कागदी कपात आला, अकरा मिनिटांत, साखर सांगितली तेवढीच. चार स्टार, खोटं का बोला.

आता ते एक दुकान जे आहे.

पिठाची गिरणी. चालू आहे. सकाळी नऊ ते दीड, संध्याकाळी पाच ते साडेआठ, सोमवारी बंद. आमच्या चाळीच्या जागी जो टॉवर झालाय त्याच्या मागच्या बाजूला, पार्किंगच्या कडेला, रिडेव्हलपमेंटमध्ये मिळालेल्या गाळ्यात. मला माहीतच नव्हतं, वास आला म्हणून वळले. तोच वास, गरम पिठाचा, आणि दाराच्या चौकटीला, पंख्याला, बल्बला पिठाची साय. म्हातारा गेला, मुलगा बसतो, भुवया पांढऱ्या, पिठाने की वयाने ते कळत नाही. त्याने मला ओळखलं वगैरे नाही. मी चाळीचं नाव सांगितलं, खोली नंबर सांगितला, तो म्हणाला बरं, आणि दळण काय आहे?

दळण कुठलं असायला, मी रिकामी गेलेले. पण समोरच्या दुकानातून दोन किलो गहू घेतले, पिशवीसकट नेऊन दिले. सवयीने विचारलं, आधी काय दळलंत, ज्वारी नाही ना? तो म्हणाला नाचणी. म्हटलं मग आधी थोडे दुसऱ्याचे गहू जाऊ द्या. त्याने माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. म्हणाला, "म्हणजे दुसऱ्याची पोळी काळी झाली तर चालेल?" त्याचा बाप आईला हेच बोलायचा, याच आवाजात. आणि पुढे म्हणाला, "ठेवून जा ताई, उद्या न्या."

मी म्हटलं उद्या मी डोंबिवलीत.

मग पाऊण तास स्टुलावर बसवलं. मेट्रोत ती पिशवी मांडीवर, अजून गरम, बाजूच्या मुलाने काळी पँट झटकली दोनदा.

पीठ जाड दळलंय. तेव्हाही जाडच दळायचे, आई घरी चाळून घ्यायची. दर किलोला जास्त वाटला, सुट्टे नव्हते तर दोन रुपये त्याने ठेवून घेतले. चार स्टार. पुढच्या वेळी ज्वारी नेणार आहे, आणि जरा बारीक म्हणून बजावून सांगणार आहे.